तपासला जातो की तपासला गेला आहे?

राफेल विमानखरेदीविषयीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी दिला. विमानांच्या किमतीचा तपशील नियंत्रक व महालेखापरीक्षकांना देण्यात आला आहे, त्यांचा अहवाल लोकलेखा समितीने तपासला आहे आणि काही मजकूर वगळलेली त्याची प्रत संसदेपुढे ठेवण्यात आली आहे, अशा आशयाची वाक्ये त्या निकालात होती. वस्तुतः त्या दिवसापर्यंत असा कोणताही अहवाल संसदेत आलेला नव्हता. समितीचे तत्कालीन अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी आपल्याकडे असे काही आलेच नसल्याचे जाहीरपणे सांगितले. दुसऱ्याच दिवशी सरकारने न्यायालयाकडे दुरुस्तीचा अर्ज केला. बंद लिफाफ्यातून सादर केलेल्या टिपणात आम्ही केवळ कार्यपद्धती सांगितली होती, अहवाल समितीकडून ‘तपासला जातो’ एवढेच म्हटले होते. न्यायालयाने ते ‘तपासला गेला आहे’ असे वाचले, असा सरकारचा खुलासा होता.

क्रियापदाच्या काळातला हा फरक आम्ही भाषेचे अध्यापक वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो आहोत. परीक्षेतल्या दोन गुणांपलीकडे त्याचा काही उपयोग असेल, असे विद्यार्थ्यांना सहसा वाटत नाही. येथे मात्र छत्तीस लढाऊ विमानांच्या खरेदीची तपासणी झाली की नाही, हेच त्या फरकावर अवलंबून होते. ‘तपासला जातो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. आमची शंका आहे ती त्याच्या खरेपणाविषयी. सरकारी कंत्राटे आपल्या संसदेत खरोखर तपासली जातात काय? आमचे उत्तर असे की, आजच्या व्यवस्थेत ती नीट तपासली जाणे शक्यच नाही, कारण तपासणारा सदस्य ज्या पक्षाच्या मुठीत आहे त्या पक्षाचा हिशेब कोणीच तपासत नाही. कंत्राटांवरील संसदेची देखरेख आणि राजकीय पक्षांचे नियमन हे दोन स्वतंत्र विषय समजून त्यांवर निराळे लेख लिहिले जातात आणि निराळ्या समित्या नेमल्या जातात. आमच्या मते तो एकच प्रश्न आहे, आणि पक्षांना हिशेबाला बांधल्यावाचून कंत्राटांचा हिशेब लागणार नाही.

१

साहित्यचर्चेच्या पानांवर हा रुक्ष विषय कशाला, असे विचारणारे विचारतीलच. भ्रष्टाचाराविषयी बोलण्याची आपली रीत पाहिली तर त्याचे उत्तर मिळते. ती रीत चारित्र्याची आहे. अमुक नेता स्वच्छ, तमुक नेता बरबटलेला. जुन्या पिढीचे लोक त्यागी, आजचे सगळे सारखेच. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांची चर्चा निघाली की मुख्यमंत्र्यांची चाणाक्ष खेळी आठवते, पत्रकार दिगू टिपणीस आठवतो. सरकारी पैसा खर्च करण्याचा अधिकार कोणाचा आणि तो खर्च तपासण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न त्या चर्चेत सहसा निघत नाही. दोष त्या कादंबऱ्यांचा नव्हे. राजकीय कादंबरी म्हणजे राजकारण्यांची व्यक्तिचित्रे असे मानणाऱ्या वाचनाचा आहे. ‘सगळे सारखेच’ या उद्गाराने वाचकाला आपण फार शहाणे आहोत असे वाटते आणि व्यवस्था निर्धास्त राहते. माणसे सारखी असतील तर प्रश्न रचनेचा आहे, हे त्या उद्गारातून निघणारे अनुमान मात्र कोणी काढत नाही.

आपल्या परंपरेत निराळी दृष्टीही आहे. महात्मा फुले स्वतः कंत्राटदार होते. सरकारी बांधकामात पैसा कोणत्या वाटेने झिरपतो हे त्यांनी जवळून पाहिले होते, आणि ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी इंजिनियर खात्यातील लबाडीवर पवाडाही घातला. पुढे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य असताना, १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा त्याविरुद्ध मत देणारे ते एकटेच होते. हा पैसा शिक्षणाला द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. परक्या सरकारने नेमलेला सदस्य सरकारच्याच प्रमुखावरील खर्चाला सभागृहात एकट्याने विरोध करतो आणि त्याचे सदस्यत्व त्यामुळे जात नाही, हे लक्षात ठेवून आजच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीकडे पाहावे.

२

कागदावर आपली तपासणीची व्यवस्था भक्कम आहे. संविधानाच्या कलम १५१ नुसार महालेखापरीक्षकांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे येतात. राज्यात ते राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतात. केंद्रातील लोकलेखा समितीची परंपरा १९२१ पासूनची आहे. तीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात, मंत्र्याला तीत जागा नसते आणि १९६७ साली मिनू मसानी अध्यक्ष झाल्यापासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत रूढ आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एवढे वाचून विद्यार्थ्याचे समाधान होते.

परंतु समितीतील जागा पक्षांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात, म्हणजे बहुमत सरकारच्या बाजूचेच असते. याचा प्रत्यय एप्रिल २०११ मध्ये आला. टू-जी स्पेक्ट्रम वाटपावरील मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा मसुदा-अहवाल बहुमताच्या जोरावर फेटाळला गेला. जोशींनी तो तरीही लोकसभाध्यक्षांकडे पाठवला. अध्यक्षांनी तो परत केला. त्याच विषयावर पी. सी. चाको यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या संयुक्त संसदीय समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला, तोही पक्षनिहाय मतभेदांसह. बोफोर्स तोफांच्या करारासाठी १९८७ मध्ये नेमलेल्या बी. शंकरानंद समितीवर तर बहुतेक विरोधी पक्षांनी बहिष्कारच घातला होता. पुढे सरकारे बदलली, बाकांची अदलाबदल झाली. काल जे समितीची मागणी करत होते ते आज तिला विरोध करू लागले. घटना एकच असते, कागदपत्रे एकच असतात, आणि तरीही त्यांचा अर्थ वाचणाऱ्याच्या पक्षावरून ठरतो. संहितेपेक्षा वाचकाची जागा निर्णायक मानणारे समीक्षासिद्धान्त आम्ही शिकवतो. पण तिजोरीच्या हिशेबाला ते लागू व्हावेत असे कोणत्याही सिद्धान्तकाराला वाटले नसेल.

तपासणी अगदीच निष्प्रभ असते असे नाही. बोफोर्सवरील लेखापरीक्षा अहवाल जुलै १९८९ मध्ये संसदेत आला तेव्हा विरोधी सदस्यांनी सामूहिक राजीनामे दिले आणि त्या वर्षअखेरच्या निवडणुकीत तो विषय गाजला. अहवाल वेळेवर आला तर तो सरकारला जड जातो. म्हणूनच तो केव्हा येतो हे महत्त्वाचे. राफेलवरील अहवाल, व्यापारी किमतीचे आकडे झाकून, १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मांडला गेला. तो सोळाव्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनाचा अखेरचा दिवस होता. ज्या सभागृहाने त्यावर चर्चा करायची, ते सभागृह त्यानंतर भरलेच नाही.

३

आता प्रतिनिधीकडे वळू. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांचा प्रश्न लोकसभेत लावून धरला. ते सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य होते आणि पंतप्रधानांचे जावई होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छगला यांनी मुंबईत उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारी पैशाच्या व्यवहारावर सत्ताधारी बाकावरून प्रश्न यावा आणि त्याची परिणती मंत्र्याच्या राजीनाम्यात व्हावी, असे दुसरे उदाहरण अलीकडच्या संसदेतून शोधून काढणे आम्हाला जमलेले नाही.

१९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिले, किंवा मतदानाला गैरहजर राहिले, तरी सदस्यत्व जाऊ शकते. पक्षांतराचा बाजार रोखणे हा हेतू होता. तो किती साधला हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ या वर्षांत पाहिले आहे. आमदारांचे गट घाऊक संख्येने इकडून तिकडे गेले आणि सत्तेत बसले. एकट्या सदस्याला मात्र अर्थसंकल्पातील एखाद्या मागणीविरुद्ध हात वर करण्याची सोय उरली नाही. समितीच्या बैठकीत पक्षादेश कायद्याने लागू होत नाही, हे खरे. परंतु पुढची उमेदवारी कोण देणार, याचा विसर समितीतल्या सदस्याला पडत नसतो. १८८० मधील फुल्यांचे एकाकी मत आज संसदेत पडले, तर ते अपात्रतेच्या याचिकेचा पुरावा म्हणून वाचले जाईल.

विलक्षण गोष्ट अशी की, मूळ संविधानात ‘राजकीय पक्ष’ हा शब्दप्रयोगच नव्हता. तो या दहाव्या अनुसूचीतून आला. म्हणजे संविधानाने पक्षाची दखल प्रथम घेतली ती त्याला सदस्यावर अधिकार देताना. त्या अधिकाराच्या बदल्यात पक्षाने कोणते उत्तरदायित्व स्वीकारावे, याविषयी त्यात अक्षरही नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्याचे कलम २१ पक्षांनी अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांनुसार ठेवावी आणि पैशाच्या स्रोतांचा जाहीर हिशेब द्यावा, असे सांगते. १९६७ पासून तेथे पक्षांसाठी स्वतंत्र कायदाही आहे. आपण अधिकार दिला आणि जबाबदारीचे कलम लिहायचे राहिले.

४

कंत्राट आणि पक्ष यांची गाठ जेथे पडते तेथे आपला कायदा कसा बोलतो, हे पाहण्यासारखे आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ९-अ नुसार, सरकारला माल पुरवण्याचे किंवा सरकारी काम करण्याचे कंत्राट ज्याच्याकडे चालू आहे, तो माणूस निवडणूक लढवण्यास अपात्र ठरतो. तपासणारा आणि ज्याची तपासणी व्हायची तो, एकच असू नये हे त्यामागचे साधे तत्त्व. पण तोच कंत्राटदार स्वतः उभा न राहता पक्षाला देणगी देऊ शकतो, आणि ज्या पक्षाच्या खर्चाने सदस्य निवडून येतो त्या सदस्याने पुढे कंत्राट तपासावे, अशी अपेक्षा असते. कंपनी कायद्याचे कलम १८२ सरकारी कंपनीला आणि तीन वर्षांहून लहान कंपनीला देणगीची मनाई करते. सरकारी कंत्राटदाराला करत नाही. अमेरिकेसारख्या पैशाने बरबटलेल्या निवडणुकांच्या देशातही केंद्र सरकारच्या कंत्राटदारांना केंद्रीय निवडणुकीत देणगी देण्यास १९४० पासून मनाई आहे.

२०१७ मध्ये आपण उलट दिशेने गेलो. कंपन्यांच्या देणगीवर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा होती. ती वित्त कायद्याद्वारे काढून टाकली गेली, आणि देणाऱ्याचे नाव जनतेपासून लपवणारे निवडणूक रोखे आले. हा कायदा धनविधेयकाच्या वाटेने आणल्यामुळे राज्यसभेला तो अडवता येत नव्हता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवून मतदाराचा जाणण्याचा हक्क मान्य केला आणि अमर्याद देणगीची सवलतही रद्द केली. तोवर साडेसोळा हजार कोटी रुपयांच्या आसपासचे रोखे विकले गेले होते. मार्च २०२४ मध्ये जी माहिती उघड झाली तीत पहिला क्रमांक एका लॉटरी कंपनीचा होता, १,३६८ कोटी. दुसरा हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगचा, ९६६ कोटी. ठाणे-बोरीवली जुळ्या बोगद्याचे काम याच कंपनीकडे आहे. या दोन नोंदी शेजारी मांडल्याने कोणताही गुन्हा सिद्ध होत नाही, आणि तसे आमचे म्हणणेही नाही. बोगद्याची निविदा आणि रोख्याची पावती एकत्र वाचण्याचा अधिकार विधिमंडळाच्या समितीला त्या वेळी नव्हता, मतदारालाही नव्हता. ‘निविदा’ आणि ‘निवेदन’ या शब्दांच्या मुळाशी जाणण्याचा एकच धातू आहे. अर्धे कळवायचे आणि अर्धे लपवायचे, याला निविदा म्हणता येत नाही. या देवघेवीची विशेष चौकशी करावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी नाकारली. उरली संसद, आणि संसदेविषयी वर लिहिलेच आहे.

५

पक्ष परस्परांशी कितीही भांडोत, स्वतःच्या हिशेबाचा प्रश्न आला की त्यांचे एकमत होते. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी वेदान्त समूहाच्या कंपन्यांकडून घेतलेल्या देणग्या परकीय देणगीविषयक कायद्याचा भंग करणाऱ्या ठरवल्या. त्यावर उपाय असा निघाला की, २०१६ च्या वित्त कायद्याने ‘परकीय स्रोत’ या संज्ञेची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलली. ती २०१० पर्यंतच मागे जात होती आणि वादातल्या देणग्या त्याआधीच्या होत्या, म्हणून २०१८ मध्ये ती ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. त्या वर्षीचे वित्त विधेयक लोकसभेत गोंधळात, चर्चेविना संमत झाले. एका शब्दाचा अर्थ बेचाळीस वर्षे मागे जाऊन बदलण्याचे सामर्थ्य कोशकारांनाही नसते.

माहितीच्या अधिकाराची कथाही तशीच आहे. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष हे ‘सार्वजनिक प्राधिकरण’ असल्याचा निर्णय दिला. सवलतीच्या जागा आणि करमाफी घेणाऱ्यांनी जनतेला उत्तरे द्यावीत, हा त्यातला सरळ तर्क. डाव्या-उजव्या कोणत्याही पक्षाने तो पाळला नाही. पक्षांना कायद्यातून वगळणारे विधेयक दोन महिन्यांत आले. ते पुढे बारगळले, पण पक्षांचे त्यावाचून काही अडले नाही, कारण मार्च २०१५ मध्ये आयोगानेच आदेशाची अंमलबजावणी करवून घेण्याबाबत असमर्थता व्यक्त केली.

निवडणूक आयोग पक्षाची नोंदणी करतो, पण नियम मोडल्याबद्दल ती रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ अमान्यताप्राप्त पक्ष यादीतून काढले. मेलेल्यांची नावे कमी झाली. जिवंतांच्या वहीला कोणी हात लावला नाही. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे, त्याच्या पक्षाला कसलीच मर्यादा नाही.

हिशेबाचे सोडा, पक्षाची घटना तरी निश्चित असावी! शिवसेनेच्या फुटीनंतर पक्ष कोणाचा हे ठरवताना प्रश्न आला की पक्षाची अधिकृत घटना कोणती, १९९९ ची की २०१८ ची. आयोगाच्या नोंदीत २०१८ ची सुधारित प्रत नाही, या आधारावर १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभाध्यक्षांनी १९९९ ची घटना प्रमाण मानली. ठाकरे गटाला ते मान्य नव्हते. दोघांपैकी कोण बरोबर हा येथे आमचा विषय नाही. ‘ज्ञानेश्वरी’च्या हस्तलिखित प्रतींतले पाठभेद आम्ही समजू शकतो, त्यांत शतकांचे अंतर आहे आणि अनेक लेखनिकांचे हात आहेत. पण विसाव्या-एकविसाव्या शतकात राज्य चालवणाऱ्या संघटनेच्या घटनेचीही पाठचिकित्सा करावी लागावी, आणि लाखो मतदारांच्या मताचे भवितव्य त्या पाठनिर्णयावर ठरावे, ही नियमनाच्या अभावाची परिसीमा आहे.

६

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. पक्षांचे नियमन म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या हातात विरोधकांसाठी नवा चाबूक, असे काही मित्र म्हणतात. ही भीती खोटी नाही. निवडणूक आयुक्तांच्या निवड समितीत पंतप्रधान आणि त्यांनी नेमलेला एक मंत्री यांचे बहुमत राहील, अशी तरतूद करणारा कायदा डिसेंबर २०२३ मध्ये झाला आहे. अशा आयोगाच्या हाती पक्षांचे भवितव्य देणे धोक्याचे ठरेल. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष इतकाच की, आधी निवड समिती सुधारा आणि नियमन हिशेबापुरते व कार्यपद्धतीपुरते ठेवा. पक्षाच्या विचारांना, भाषणांना, आंदोलनांना त्याचा स्पर्श होता कामा नये. नियमन नसल्याने विरोधक सुरक्षित राहतात, हा समज गेल्या दशकातील फुटी पाहून तरी सुटायला हवा होता.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. विमानावर कोणती शस्त्रे बसवली हे शत्रूला कळू नये, हे मान्य. पण समितीला बंद दाराआड कागद पाहता येतात. बंद लिफाफा न्यायालयाला दाखवता येतो, तर तो निवडून दिलेल्या सदस्यांना दाखवण्यात कोणता धोका आहे, हे कोणीतरी सांगावे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जुन्या आहेत. पक्षादेशामुळे येणारी अपात्रता विश्वासदर्शक व अविश्वास ठरावांपुरती ठेवावी, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते. पक्षांची अंतर्गत रचना आणि हिशेब यांसाठी कायदा करावा, असे विधी आयोगाच्या १७० व्या अहवालात १९९९ मध्ये म्हटले आहे. त्यांत आम्ही तीन गोष्टींची भर घालतो. चालू सरकारी कंत्राट असलेल्या कंपनीला पक्षदेणगीची मनाई असावी, तीही न्यासांच्या आडवाटेसह. पक्षांच्या वह्या तपासणारा लेखापरीक्षक पक्षाने न नेमता स्वतंत्र यंत्रणेने नेमावा. आणि लेखापरीक्षा अहवाल सरकारकडे पोचल्यापासून ठरावीक दिवसांत सभागृहात मांडण्याचे व त्यावर चर्चा घेण्याचे बंधन असावे, म्हणजे अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसाची पळवाट बंद होईल.

यातले काहीही पक्ष आपण होऊन करणार नाहीत. ते मतदारांनी मागावे लागेल, आणि मागण्यासाठी आधी कागद वाचावा लागेल. साहित्याच्या विद्यार्थ्याला दुसरे काही येवो न येवो, कागद वाचता येतो. वाक्याचा कर्ता कोठे दडवला आहे, कर्मणी प्रयोग कोणाच्या सोयीसाठी केला आहे, व्याख्या मागच्या तारखेने का बदलली आहे, हे ओळखण्याचे शिक्षण आपण त्याला देतो. ते शिक्षण कवितेपाशी थांबवण्याचे कारण नाही. पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार दारी येईल त्याला त्याचे चारित्र्य विचारू नये. ते तो उत्तम सांगेल. त्याच्या पक्षाच्या घटनेची चालू प्रत मागावी, गेल्या वर्षीचा हिशेब मागावा, आणि देणगीदारांपैकी कोणाकोणाकडे आज सरकारी कंत्राट आहे ते विचारावे.